परसदारातून तारकागुच्छ: उघडीप मिळेल तेवढ्यात काय टिपावं?

फणसाखाली
शुक्रवार, रात्री ११:४८

मंडळी, देवरुखजवळ आमच्या घरामागच्या परसातून सध्या कृत्तिकांचा पाठलाग चालू आहे. अंधार चांगला आहे. वाडीतला शेवटचा एलईडी दिवा घराच्या पुढच्या अंगाला. मागे फणस, दोन माड आणि त्यापलीकडे मळा. आभाळाचं मात्र काही खरं नाही. संध्याकाळी लख्ख असतं, आठला घाटाकडून मळभ सरकत येतं, दहाला परत मोकळं होतं आणि अकरा वाजले की पत्र्याच्या कडेवरून दव ठिबकायला लागतं.

सामान असं: जुना कॅनन १२००डी, १३५ मिमीची मॅन्युअल लेन्स (एफ/२.८ वर), स्टार ॲडव्हेंचरर ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र). काल ३० सेकंदांच्या शंभरावर फ्रेम मिळाल्या, आयएसओ १६००. मध्ये दोनदा ढग येऊन गेले. सगळ्या फ्रेम सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये टाकून स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक रचून एकच फोटो केला, तो खाली देतोय.

फोटोत ताऱ्यांभोवती छान निळसर धूसर दिसतंय. घरच्या ग्रुपवर "तेजोमेघ आला, तेजोमेघ आला" झालंसुद्धा. माझा विश्वास बसत नाहीये. हा खरा तेजोमेघ (अवकाशातला धूळ-वायूचा ढग) आहे की पातळ ढग आणि दव यांची करामत? दुसरं असं की, असल्या हवेत एकाच गुच्छामागे रात्रभर बसावं की मिळेल ते टिपत जावं? आणि ट्रॅकरचा अक्ष ज्यावर रोखायचा तो ध्रुवतारा नेमका फणसाआड आहे. फणस तोडायला आई परवानगी देणार नाही.

निशाचर
शनिवार, पहाटे १२:३०

फणस तोडू नका, फोटो कुठेही काढता येईल, बरका फणस पुन्हा येणार नाही.

फोटो झकास आहे. धूसर कसलं ते मोठ्या स्क्रीनवर बघून सांगतो. फोकस कशावर केला होता? कडेचे तारे किंचित फुगलेले वाटतात.

फणसाखाली
शनिवार, पहाटे १२:४१

रोहिणीवर, लाइव्ह व्ह्यू दहापट करून. पण ते नऊ वाजता. नंतर हात लावला नाही.

निशाचर
शनिवार, पहाटे १२:५५

मग तेच. नऊ ते बारा तापमान सात-आठ अंशांनी उतरलं असेल तर टेलिफोटोचा फोकस हलतोच. दर तासाला बघायचा. बाख्तिनोव्ह मास्क (फोकस तपासायची खाचांची जाळी) घ्या, नाहीतर जाड काळ्या कार्डशीटवर प्रिंट चिकटवून ब्लेडने कापा. तेवढ्यावर काम भागतं.

दुर्बीणताई
शनिवार, सकाळी ८:१०

फोटो मोठा करून पाहिला. धूसर खरं की खोटं हे ओळखायची सोपी खूण कृत्तिकांतच आहे, त्यासाठी दुसरं काही लागत नाही.

गुच्छातला सगळ्यात तेजस्वी तारा अल्सायोनी, प्रत (तेजाचं माप, आकडा लहान तितका तारा तेजस्वी) सुमारे २.९. ॲटलास ३.६. मेरोपी त्याहून मंद, ४.२ च्या आसपास. ढग, दव किंवा लेन्सवरची वाफ यांना तारा कोणता याच्याशी देणंघेणं नसतं. त्यांचं वलय ताऱ्याच्या तेजाच्या हिशेबाने पडतं आणि ते गोल असतं: अल्सायोनीभोवती सगळ्यात मोठं, मग ॲटलास, मग मेरोपी. खरा तेजोमेघ हा हिशेब मोडतो. तो मेरोपीपाशी सगळ्यात दाट आहे, एकाच बाजूला, दक्षिणेकडे पसरतो आणि त्याला तंतू आहेत. ॲटलास मेरोपीपेक्षा तेजस्वी असूनही त्याच्याभोवती त्या मानाने फारच थोडं धूसर असतं.

आता तुमच्या फोटोत बघा. ॲटलासभोवती चांगलं टपोरं गोल वलय आहे. म्हणजे ढग किंवा दव नक्की आहे. पण मेरोपीच्या खाली डाव्या हाताला जी फिकट पट्टी लोंबते आहे ती गोल नाही. तिच्यावर माझा जीव अडकलाय.

एक करा. सगळ्या फ्रेम एकत्र शिजवू नका. सिरिलमध्ये नोंदणी (सगळ्या फ्रेममधले तारे एकमेकांवर जुळवणं) झाल्यावर प्लॉटमध्ये जाऊन प्रत्येक फ्रेममध्ये किती तारे सापडले आणि पार्श्वभूमी किती उजळ होती ते बघा. ढग आला की तारे घटतात आणि पार्श्वभूमी चढते. ज्यांत तारे भरपूर आहेत त्यांचाच वेगळा स्टॅक करा, उरलेल्यांचा वेगळा, आणि दोन्ही शेजारी ठेवा.

मुलुंडपूर्व
शनिवार, सकाळी ९:०२

ताई, ही खूण नोट करून ठेवतो. आमच्याकडे मात्र सगळ्याच ताऱ्यांभोवती वलय, कारण खाली सोसायटीचा हॅलोजन.

मी सीस्टार एस५० ही स्मार्ट दुर्बीण वापरतो. कृत्तिका त्यात मावत नाहीत, साध्या फ्रेमची एक बाजू जेमतेम पाऊण अंशाची. मोझेक (तुकडे जोडून केलेलं चित्र) लावला तर मावतात, पण मग तास-दीड तास आभाळ स्वच्छ हवं. कोणी तेजोमेघासाठी चांगला फिल्टर सुचवेल का? त्यातला ड्युअल बँड लावून पाहिला, कृत्तिका आणखीच मेल्या.

दुर्बीणताई
शनिवार, सकाळी ९:४०

मरणारच. कृत्तिकांचा तेजोमेघ स्वतः चमकत नाही. धुळीवर ताऱ्यांचाच प्रकाश पडून विखुरतो. १९१२ साली लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफरने मेरोपीजवळच्या धूसराचा वर्णपट घेतला, तर तो शेजारच्या ताऱ्यांसारखाच निघाला. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या दोन अरुंद पट्ट्या तेवढ्या सोडणारा ड्युअल बँड फिल्टर इथे उलट काम करतो: हवा तो निळा प्रकाश अडवतो. मृगातल्या तेजोमेघाला तो चालतो, इथे नाही. आणि रस्त्यावर सोडियमच्या जागी पांढरे एलईडी आल्यापासून शहरी प्रकाशाचे जुने फिल्टरही फारसे कामाचे राहिलेले नाहीत. फिल्टरचे पैसे वाचवा आणि एखाद्या अमावस्येला वांगणीला किंवा त्यापलीकडे जा.

तोपर्यंत मुलुंडहून गुच्छच टिपा, धूसर नको. तारा हा बिंदू असतो, त्याचा प्रकाश दोन-चार पिक्सेलांत गोळा होतो. आभाळाचा उजेड सगळ्या सेन्सरभर पसरतो. म्हणून शहरातून आकाशगंगा दिसली नाही तरी गुच्छ दिसतात. सारथीतला एम३७ हा गुच्छ सीस्टारच्या चौकटीत नीट बसतो, आणि त्याच्या मधोमध एक नारिंगी तारा आहे तो रंगासकट येतो. मिथुनेतला एम३५ घेतलात तर त्याच्या कुशीत एनजीसी २१५८ हा दुसरा गुच्छ धुळीच्या ठिपक्यासारखा दिसेल. तो कितीतरी मागे आहे.

पर्जन्यमापक
शनिवार, सकाळी ११:१५

आभाळाबद्दल थोडं माझ्याकडून.

हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहांची चित्रं येतात. रात्री दृश्य प्रकाशातलं चित्र काळंठिक्कर, म्हणून सगळे इन्फ्रारेड बघतात. त्यात एक मेख आहे. इन्फ्रारेड चित्र म्हणजे तापमानाचं चित्र. उंचावरचे ढग थंड, म्हणून ते पांढरेशुभ्र दिसतात. खालचं मळभ आणि धुकं यांचं तापमान जमिनीच्या जवळपास असतं, त्यामुळे ते चित्रात जमिनीत मिसळून जातं. फणसाखाली यांच्याकडे घाटावरून जे सरकत येतं ते बहुधा असलंच. चित्रात "निरभ्र" आणि डोक्यावर गोधडी.

उलट एखादी बाब चित्रात स्पष्ट दिसते आणि आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही: पिंजलेले उंच ढग. ऑक्टोबर ते डिसेंबर अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र झालं की त्याची झालर शेकडो किलोमीटर आधी येते. डोळ्यांना आभाळ स्वच्छ वाटतं, फोटोत प्रत्येक ताऱ्याला प्रभावळ. तेव्हा संध्याकाळी मावळतीचा सूर्य बघा. त्याच्याभोवती दुधट पडदा असेल तर रात्री तेजोमेघाचा नाद सोडा, तेजस्वी गुच्छांवर समाधान माना.

ॲपमधले ढगांचे टक्के मी फार मनावर घेत नाही. आर्द्रता आणि दवबिंदू मात्र जरूर बघतो. हवेचं तापमान आणि दवबिंदू यांत दोन-तीन अंशांचंच अंतर उरलं की लेन्स ओली होणार, लिहून ठेवा.

लीड्सकर
शनिवार, दुपारी ४:२२

कोकणातल्या ढगांची तक्रार वाचून इंग्लंडातून गहिवरून आलं.

आमच्या बॅकयार्डची गत सांगतो. हिवाळ्यात रात्र लांबलचक, पण आठवडेच्या आठवडे झाकोळलेलं. उन्हाळ्यात ढग विरतात तर अंधारच होत नाही: ५४ अक्षांशावर मे ते जुलै मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाखाली पुरेसा उतरत नाही, आभाळ करडंच राहतं. म्हणून इथे सगळं उघडिपीच्या हिशेबाने मांडलेलं. अंगणातल्या फरशीवर तिपाईच्या तीन पायांच्या खुणा रंगवल्यात. तिपाई त्यावरच ठेवायची, ध्रुवजुळणी जवळपास तयारच असते. बॅटरी, केबल, कॅमेरा एकाच ट्रेमध्ये. ढग फाटला की दहा मिनिटांत पहिली फ्रेम.

आणि लहान फ्रेम. पाच-पाच मिनिटांच्या फ्रेममध्ये शेवटच्या मिनिटाला ढग आला की पाचही मिनिटं पाण्यात. ३० सेकंदांची फ्रेम गेली तर काय जातं? उजळ आभाळात तर लहान फ्रेमने नुकसानही फार नाही, कारण आभाळाचा गोंगाटच (फोटोतले दाणे) कॅमेऱ्याच्या गोंगाटाला गिळून टाकतो. तुमच्याकडे काळोख जास्त आहे, तिथे मिनिटभराची केलीत तर थोडा फायदा होईल.

एका गोष्टीचा हेवा वाटतो. कृत्तिका तुमच्याकडे जवळजवळ डोक्यावरून जातात. आमच्याकडे साठ अंशांवर येतात तेव्हाच आम्ही पेढे वाटतो.

फणसाखाली
शनिवार, रात्री १०:०५

ताई, केलं. प्लॉट उघडला तर नकाशाच दिसला. पावणेदहापर्यंत रेषा सपाट, मग ताऱ्यांची संख्या निम्म्यावर, मग वर येते, साडेअकरानंतर हळूहळू घसरत जाते. पहिला खड्डा म्हणजे मळभ, शेवटची घसरण म्हणजे दव.

चांगल्या फ्रेम साधारण निम्म्या निघाल्या. त्यांचा स्टॅक खाली उजवीकडे आहे, उरलेल्यांचा डावीकडे. डावीकडच्यात ॲटलासची प्रभावळ तशीच. उजवीकडच्यात ती गेली आणि ॲटलास टाचणीच्या टोकाएवढा झाला. मेरोपीखालची पट्टी मात्र उजवीकडेही आहे. अगदी फिकट, पण आहे.

दुर्बीणताई
शनिवार, रात्री १०:३८

आहे! अभिनंदन. अर्धं धूसर ढगाचं होतं आणि अर्धं खरं.

या पट्टीवर तुम्हीच शंका घेतली असं नाही. विल्हेल्म टेम्पेलने १८५९ च्या ऑक्टोबरात व्हेनिसमधून चार इंची दुर्बिणीने ती पहिल्यांदा पाहिली. आरशावर श्वास सोडला की जसा डाग उमटतो तशी, असं त्याने वर्णन केलं. पुढे कित्येक वर्षं कुणाला दिसायची, कुणाला मोठ्या दुर्बिणीतूनही नाही, आणि वाद चालू. १८८५ मध्ये पॅरिसला हेन्री बंधूंनी कृत्तिकांचा फोटो काढला तेव्हा माया या कृत्तिकांतल्या ताऱ्याजवळचं धूसर, जे डोळ्यांनी कुणी पाहिलंच नव्हतं, तेही काचेवर आलं. त्यानंतर कृत्तिकांमधल्या तेजोमेघाबद्दल शंकेला फारशी जागा उरली नाही.

पूर्वी समजूत होती की ही धूळ कृत्तिकांच्या जन्माच्या वेळची शिल्लक आहे. तसं नाही. गुच्छाचं वय दहा कोटी वर्षांच्या आसपास, एवढ्या काळात ती कधीच उडून गेली असती. सध्या हा गुच्छ वाटेत आलेल्या धुळीच्या ढगातून चाललाय.

पर्जन्यमापक
शनिवार, रात्री १०:५०

म्हणजे त्यांच्याकडेही ढगाळच. तैत्तिरीय संहितेत सात कृत्तिकांची नावं आहेत त्यांत अभ्रयन्ती, मेघयन्ती आणि वर्षयन्ती अशा तिघी आहेत. तक्रार नेमकी कुणाकडे करायची ते आता कळलं.

आबा
रविवार, सकाळी ७:३०

ध्रुवाचा प्रश्न तसाच राहिला की हो.

१३५ मिमीच्या लेन्सला ध्रुवजुळणी एवढी काटेकोर लागत नाही, हे आधी ध्यानात घ्या. हिशेब करू. तारे सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतात. ट्रॅकरचा अक्ष एक अंशाने चुकला तर सेकंदाला फार तर पाव विकलेचा सरकाव उरतो, ३० सेकंदांत आठ विकला. तुमच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल या लेन्सवर साडेसहा विकलांचा. म्हणजे एक अंश चुकूनही तारा सव्वा पिक्सेलच ताणला जाईल. तेव्हा अर्ध्या-एक अंशात अक्ष बसला की झालं.

आता तो फणसाआडून कसा बसवायचा. मोबाइलच्या होकायंत्रावर जाऊ नका, लोखंडी तिपाईजवळ तो तीन-चार अंश सहज फसवतो. दुपारी ओळंबा टांगा. गवंड्याकडचा आणा नाहीतर दोरीला बत्ता बांधा. सूर्य मध्यमंडलावर येतो त्या क्षणी दोरीची सावली बरोबर उत्तर-दक्षिण पडते. तो क्षण म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत; तुमच्याकडे नोव्हेंबरात १२:२० च्या सुमारास येतो, तारखेप्रमाणे मिनिटं हलतात, पंचांगात किंवा ॲपमध्ये बघून घ्या. त्या सावलीवर चुन्याची नको, ऑइलपेंटची रेघ मारा, पावसात टिकते. रात्री अक्ष त्या रेघेवर ठेवायचा आणि उंची १७ अंश. ती मात्र मोबाइलच्या पातळीमापकाने बेलाशक घ्या, तिथे लोखंडाचा संबंध नाही.

आम्ही फिल्मच्या काळात हेच करायचो. रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि काय आलंय ते रोल धुऊन आल्यावर कळायचं.

निशाचर
रविवार, सकाळी ९:१२

आबा, दंडवत. लॅपटॉप असेल तर त्यापुढची पायरी: निना या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तीन ठिकाणचे फोटो घेऊन अक्ष किती चुकला ते सांगणारं प्लगइन आहे. ध्रुव दिसायची गरज नाही, आभाळाचा कुठलाही मोकळा तुकडा चालतो. पण सव्वा पिक्सेलसाठी परसात दवात लॅपटॉप काढणं मला तरी पटणार नाही.

नवखा_सांगली
रविवार, सकाळी १०:४७

माझ्याकडे ट्रॅकर नाही. १२००डीच आहे आणि ५० मिमीची लेन्स. मी यातलं काही करू शकतो का, की नुसतं वाचत बसू?

निशाचर
रविवार, सकाळी ११:२०

वाचत बसू नकोस, आजच काढ. ५० मिमीवर तुझ्या चौकटीत २५ बाय १७ अंश आभाळ येतं, म्हणजे कृत्तिका आणि रोहिणीचा शकट हे गुच्छ दोन्ही एकाच फोटोत. दोन सेकंदांची फ्रेम ठेव, तारा दीड पिक्सेल ताणला जाईल, कुणाला कळणार नाही. एफ/२.८, आयएसओ ३२००, इंटरव्हलोमीटर (ओळीने आपोआप फोटो काढणारा रिमोट) लावून तीनशे फ्रेम. दर चार-पाच मिनिटांनी चौकट परत मधोमध आण. दहा मिनिटांचा प्रकाश जमेल. सिरिल ते सगळं बसवून देईल.

रोहिणी तारा स्वतः शकटाच्या गुच्छातला नाही बरं का. तो ६५ प्रकाशवर्षांवर, गुच्छ दीडशेवर. नजरेच्या रेषेत आलाय एवढंच. फोटोत त्याचा नारिंगी रंग टिकला पाहिजे, पांढरा पडला तर आयएसओ उतरव.

फणसाखाली
रविवार, रात्री ९:३०

ओळंब्याची रेघ मारली. बाबा विचारत होते, नवीन बांधकाम काढतोयस का.

दवाचं काय करू? काल लेन्सला जुन्या योगा मॅटची नळी केली होती, तासभर पुरली, मग परत घाम. फडक्याने पुसावं म्हटलं तर फोकसची रिंग हलते.

दुर्बीणताई
रविवार, रात्री १०:०२

पुसायचं नाहीच. मोकळ्या आभाळाकडे तोंड केलेली काच उष्णता सोडत सोडत हवेपेक्षा थंड होते, म्हणून दव धरते. नळी ते लांबवते, थांबवत नाही. काच हवेपेक्षा किंचित गरम ठेवणं हाच उपाय. यूएसबीवर चालणारे पट्टे मिळतात. घरी करायचा असेल तर ४७० ओहमचे अर्ध्या वॉटचे बारा रेझिस्टर समांतर जोडा, कापडी पट्टीत शिवून लेन्सच्या पुढच्या कडेला गुंडाळा आणि १२ व्होल्टच्या बॅटरीला लावा. साडेतीन-पावणेचार वॉट होतात, तेवढे पुरतात. ७ एएचची बॅटरी रात्र काढते. पट्टा दव पडायच्या आधी चालू करायचा आणि फोकस त्यानंतर घ्यायचा, कारण काच गरम झाली की फोकस सरकतो. घरातून २३० व्होल्टची वायर ओल्या गवतातून नेऊ नका, कितीही मोह झाला तरी.

आणि ओली लेन्स तशीच बॅगेत कोंबू नका. कोकणात बुरशी दोन पावसाळ्यांत काचेवर जाळं विणते. सकाळी उन्हाच्या बाजूला, थेट उन्हात नव्हे, तासभर उघडी ठेवायची आणि मग सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. जेल गुलाबी किंवा हिरवी झाली की तव्यावर परतून घ्यायची. तो तवा स्वयंपाकाला परत वापरायचा नाही.

मुलुंडपूर्व
रविवार, रात्री १०:१५

शेवटचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. तिने "अनुभव दिसतोय" म्हटलं.

लीड्सकर
रविवार, रात्री ११:४०

मूळ दुसऱ्या प्रश्नाकडे: एकच गुच्छ की मिळेल ते? माझं मत, दोन याद्या ठेवा. एक "आभाळ खरंच स्वच्छ" यादी, तिच्यात कृत्तिकांचं धूसर. दुसरी "वीस मिनिटं मिळाली" यादी. त्यात ययातीतला जोडगुच्छ पहिला, चांगला तेजस्वी आहे. तुमच्या लेन्समध्ये सारथीतले एम३६, एम३७, एम३८ तिन्ही एका चौकटीत येतात. नंतर रात्री उशिरा व्याधाखालचा एम४१, आणि एम४६-एम४७ ही जोडी: एक भरड, एक बारीक पिठीसारखा, शेजारी शेजारी.

निशाचर
सोमवार, पहाटे १२:१०

मी उलट सांगेन. मिळेल ते टिपत गेलं की हार्डडिस्कवर पन्नास गुच्छ अर्धवट राहतात आणि एकही टांगण्यासारखा नाही. चौकट, कॅमेऱ्याचा कोन, आयएसओ कायम ठेवून एकच गुच्छ चार रात्रींत तुकड्यातुकड्यांनी गोळा केला तरी शेवटी एकत्र स्टॅक होतोच. ढगाळ हवेत तर हेच शहाणपणाचं.

दुर्बीणताई
सोमवार, सकाळी ८:२०

निशाचर यांच्या बाजूने माझं मत. फक्त दोन पथ्यं. प्रत्येक रात्रीचे फ्लॅट (धुळीचे डाग आणि कडेचा अंधार काढायला घेतलेले एकसारख्या उजेडाचे फोटो) त्या त्या रात्रीचे हवेत. आणि स्टॅकच्या आधी सिरिलमध्ये प्रत्येक फ्रेममधून पार्श्वभूमीचा उतार साध्या पहिल्या घाताने, म्हणजे सरळ उतार धरून, वजा करा. ढग सरकताना दिव्यांचा उजेड रोज वेगळ्या कोपऱ्यात पडतो. तो स्टॅकमध्ये शिरला की एकमेकांत गुंततो आणि मग काढता येत नाही.

चंद्राचंही बघा. कार्तिकी पौर्णिमेला तो कृत्तिकांच्या शेजारीच असतो, महिन्याचं नावच त्यावरून. दिवाळीच्या अमावास्येला आभाळ काळं पण फटाक्यांचा धूर. मार्गशीर्षाच्या अलीकडची अमावस्या धरा.

पर्जन्यमापक
सोमवार, सकाळी ९:०५

आणि मे महिना सोडू नका. फणसाखाली यांच्याकडे अक्षांश १७, तिथून ओमेगा सेंटॉरी हा गुच्छ साडेपंचवीस अंशांवर येतो. लीड्सकरांना तो जन्मात घरून दिसणार नाही. वळवाचा पाऊस संध्याकाळी पडून गेला की धूळ बसते आणि रात्री दहानंतर दक्षिण एकदम धुऊन निघते. दुपारी मेघगर्जना झाली म्हणून सामान आवरू नका.

शोधायला सोपा: चित्रा तारा बरोबर दक्षिणेला आला की त्याच्या सरळ खाली ३६ अंशांवर. हात लांब करून साडेतीन मुठी धरा. १६७७ मध्ये हॅलेने सेंट हेलेनाहून त्याची तारा म्हणून नव्हे तर धूसर ठिपका म्हणून नोंद केली. गोलाकार गुच्छ, लाखो तारे. गाभा लगेच जळतो, म्हणून १० सेकंदांच्या फ्रेम वेगळ्या घ्या.

फणसाखाली
सोमवार, रात्री ८:५०

मेअखेरीला आमच्याकडे परसात काजवे असतात. प्रत्येक फ्रेममध्ये हिरव्या रेघा येणार.

दुर्बीणताई
सोमवार, रात्री ९:१५

येऊ देत. पंचवीस-तीस फ्रेम असल्या की सिग्मा क्लिपिंग (बाकी फ्रेमशी न जुळणारे पिक्सेल गाळणं) उपग्रहांच्या रेघांबरोबर काजव्यांच्याही काढून टाकतं. फक्त लेन्सवरच बसला तर त्याला हलकेच उठवा. सध्या फ्लॅट कसे घेताय ते सांगा. परवाच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात धुळीचा एक गोल तसाच राहिलाय.

फणसाखाली
सोमवार, रात्री ९:२२

सकाळी उजाडताना, लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून. बहुतेक टी-शर्टवरच काहीतरी छापलेलं आहे.

मुलुंडपूर्व
सोमवार, रात्री ९:२४

निवडणुकीतला असेल तर बदला.